प्रॉक्सीसाठी मशीन पाहिजे

ऑफिसच्या नेटवर्कसाठी प्रॉक्सी सर्व्हर घ्यायचा ठरला की मीटिंगमध्ये पहिला प्रश्न हमखास प्रोसेसरचा निघतो. ‘आय-फाइव्ह की आय-सेव्हन?’ हे साहेब विचारतात, कारण मुलाला लॅपटॉप घेताना त्यांनी हेच विचारलं होतं आणि दुकानदाराने त्यांच्याकडे आदराने पाहिलं होतं. दुसरा प्रश्न हार्ड डिस्क किती टीबीची, हा. तिसरा वॉरंटीचा, तो अकाउंट्सच्या मॅडम विचारतात आणि उत्तर मिळायच्या आत ‘तीन वर्षं’ असं लिहूनही घेतात. मेमरीबद्दल कोणी विचारत नाही. डिस्क किती वेगाने फिरते याच्याशी कोणाला कर्तव्य नसतं. आणि हे यंत्र मुळात करणार काय आहे, असं विचारायला आयटीवाल्याने तोंड उघडावं, तेवढ्यात चहा येतो.

खरं तर प्रॉक्सीचं काम समजायला अवघड नाही. ऑफिसातला मुरलेला शिपाई करतो तेच. कोणी बँकेतून फॉर्म आणायला सांगितला की तो चार जास्तीचे आणून ड्रॉवरमध्ये टाकतो. पुढच्याने मागितला की खाली न उतरता तिथूनच काढून देतो. कोणी काय मागवलं हे त्याच्या वहीत असतं. आणि साहेबांनी मनाई केलेली वस्तू तो आणत नाही, निदान सगळ्यांसमोर तरी नाही. खेप वाचवायची, वही लिहायची आणि नाही म्हणायचं: प्रॉक्सीची कामं ही एवढीच.

यातलं कोणतं काम जास्त, यावरून यंत्र ठरायला हवं. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमकडून. त्यानंतरची काही वर्षं ६४ केबीपीएसची लीज्ड लाइन असलेलं ऑफिस बडं समजलं जाई. ६४ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट. पाच एमबीची फाइल उतरायला दहा मिनिटांवर वेळ लागणार, तोही बाकीच्यांनी तेवढा वेळ हात बांधून बसायचं कबूल केलं तर. अशा लाइनवर पन्नास माणसं. तिथे एकाने आणलेलं पान दुसऱ्याला लाइनला हात न लावता मिळालं तर ती खरोखरीची बचत होती. हार्डवेअरचे जे नियम आजही आयटीवाले एकमेकांना सांगतात, ते त्या बचतीच्या हिशेबाने बसवलेले आहेत. लाइन पुढे बदलली, तिच्यावरून काय जातं तेही बदललं. नियमांना ते कोणी कळवलं नाही.

त्या नियमांतले बरेचसे स्क्विड या प्रोग्रॅमच्या निमित्ताने लिहिले गेले. अमेरिकेत हार्वेस्ट नावाच्या संशोधन प्रकल्पात वेबची पानं साठवून ठेवणारा एक प्रोग्रॅम तयार झाला होता. त्याची एक शाखा बाजारात गेली. मोफत राहिलेली दुसरी शाखा ड्यूएन वेसल्स यांनी १९९६ मध्ये पुढे नेली, अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या पैशांवर. नाव स्क्विड का ठेवलं? तर चांगली नावं आधीच संपली होती, असं खुद्द प्रकल्पाच्याच प्रश्नोत्तरांत नोंदवलेलं आहे. काम चालू असताना हाक मारायला म्हणून दिलेलं नाव तसंच चिकटलं. बारसं असं आटोपलेला हा प्रोग्रॅम ३१२८ नंबरच्या पोर्टवर बसून जगभरातल्या कॉलेजांना आणि कचेऱ्यांना इंटरनेट वाढत राहिला, आणि अजून वाढतो आहे.

स्क्विड चालवून केस पिकलेली माणसं हार्डवेअरचा जो क्रम सांगतात, तो मीटिंगमधल्या क्रमाच्या बरोबर उलटा आहे. आधी मेमरी. मग डिस्कचा वेग. मग, पैसे उरलेच तर, प्रोसेसर.

मेमरी का, ते साहेबांच्या ‘किती टीबी’ या प्रश्नातूनच कळतं. डिस्कवर साठवलेली प्रत्येक वस्तू कुठे आहे याची यादी स्क्विड मेमरीत धरून बसतो. वस्तू म्हणजे एखादं चित्र, एखादी स्क्रिप्ट, बातमीचं पान. एकेक सरासरी १३ केबीची धरली तर एका जीबीत ऐंशी हजार वस्तू मावतात, आणि प्रत्येकीच्या नोंदीला मेमरीतली थोडी जागा लागते. ६४ बिटी मशीनवर ठोकताळा असा: डिस्कच्या दर जीबीमागे १४ एमबी मेमरी, नुसत्या यादीसाठी. आता साहेबांनी मोठ्या मनाने चार टीबीची डिस्क मंजूर केली, तर यादीलाच ५६ जीबी मेमरी हवी. मशीनमध्ये असते आठ. न मावलेली यादी मग ऑपरेटिंग सिस्टिम स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवर नेऊन ठेवते. डिस्कवरची वस्तू शोधण्यासाठी जी यादी पाहायची, ती शोधायला आधी डिस्कवर जायचं. यानंतर ‘नवीन सर्व्हर आल्यापासून नेट जास्तच स्लो झालंय’ अशी तक्रार येते आणि ती अक्षरशः खरी असते.

बरं, चार टीबी लागणार होते का? दोन एमबीपीएसची लाइन घ्या. दिवसाचे आठही तास ती एक क्षण न थांबता तुडुंब वाहिली तरी ७.२ जीबी माल आत येतो. सहा दिवसांच्या आठवड्याचे ४३ जीबी. चार टीबीची डिस्क त्या लाइनने भरायला साडेपाचशेच्या वर कामाचे दिवस लागतील. सुट्ट्या, संप आणि लाइन बंद असलेले दिवस धरले तर दोन वर्षं निघून जातील. तोवर पहिल्या दिवशी साठवलेली बातमी वाचायला कोण येणार आहे? आठवडाभराची आवक मावेल एवढी डिस्क पुरे, हा जुना ठोकताळा याच हिशेबातून आला. पण ‘पन्नास जीबी पुरे’ असं मीटिंगमध्ये म्हणणाऱ्याकडे लोक दयेने बघतात. पेन ड्राइव्ह यापेक्षा मोठा मिळतो, असं कोणीतरी सांगतंही.

डिस्क वाढवली तर फायदाही वाढेल, ही समजूतही फार काळ टिकली नाही. १९९९ मध्ये ली ब्रेस्लॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या प्रॉक्सींच्या नोंदी तपासून दाखवलं की वेबवरच्या मागण्या झिप्फच्या नियमाच्या आसपास जातात: थोडी पानं सगळ्यांना हवी असतात, आणि उरलेली असंख्य पानं एकेकालाच. त्यामुळे साठा दसपट केला तरी घरच्या घरी भागणाऱ्या मागण्यांत थोडीशीच भर पडते. कोणत्याही मराठी ऑफिसात याचा पडताळा येईल. सकाळी सगळे तीच दोन-तीन वर्तमानपत्रं उघडतात. ती एकदा साठवली की झालं. त्यानंतर मात्र एक जण होमलोनचा हप्ता मोजत असतो, दुसरा कन्या राशीचं साप्ताहिक भविष्य बघतो, तिसऱ्याला १९७० च्या दशकातल्या स्कूटरचे सुटे भाग हवे असतात. तो स्कूटरवाला अख्ख्या ऑफिसात एकटाच. त्याची पानं जपून ठेवायला कितीही टीबी घाला, ती पुन्हा मागायला तोच येणार, आणि तोवर त्याने स्कूटर विकलेली असते.

मुंबईत हा सगळा विचार शेवटी लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटर दुकानांत जाऊन थांबतो. रस्त्याचं कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण बिलावर ते नाव आलं की अकाउंट्सच्या मॅडम दुकान नक्की कुठे आहे ते विचारतात. तिथला संवाद ठरलेला असतो.

“प्रॉक्सीच ना साहेब? मग आय-सेव्हन टाका, बिनधास्त.”

“आणि रॅम?”

“रॅम काय, नंतर कधीपण वाढवता येते.”

वाक्य खोटं नाही. मशीन आल्यावर आयटीवाला कव्हर उघडतो तेव्हा बोर्डावरच्या चारही स्लॉटमध्ये चार-चार जीबीच्या स्टिक बसलेल्या असतात. एकूण सोळा, कोटेशनबरहुकूम. वाढवायची तर आधीच्या काढून कपाटात ठेवायच्या, म्हणजे सोळा जीबीचे पैसे दोनदा मोजायचे. सोळा जीबीची एकच स्टिक घालून तीन स्लॉट मोकळे सोडणारा दुकानदार भेटला तर त्याचा नंबर जपून ठेवावा. चुका पकडून दुरुस्त करणाऱ्या ईसीसी मेमरीचा विषय काढला तर दुकानदार लगेच ‘ती सर्व्हरला लागते’ असं सांगतो. हा सर्व्हरच आहे, हे त्याला सांगून बघावं. गूगलने आपल्या हजारो मशीनच्या मेमरीचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात वर्षाला आठ टक्क्यांहून अधिक स्टिकमध्ये किमान एक चूक सापडली होती. पण प्रॉक्सीत एखादा बिट फिरला तर फार तर कोणाच्या तरी फोटोत एक ठिपका हिरवा होणार. इथे दुकानदाराचं ऐकलं तरी चालेल.

डिस्कच्या वेगाची गोष्ट वेगळी. साधी हार्ड डिस्क मिनिटाला ७२०० वेळा फिरते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेरीला सव्वाआठ मिलिसेकंद. हवा तो भाग डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी, त्यापूर्वी डोकं त्या जागी सरकायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद. बेरीज तेराच्या आसपास; सेकंदाला पंच्याहत्तर ते ऐंशी वस्तू निघतात, त्याहून जास्त नाही. डिस्क एक टीबीची असो की दहा, हा आकडा हलत नाही. बातम्यांच्या साइटचं एक पान उघडायला शंभरेक वस्तू सहज लागतात. साडेनऊला पंच करून चाळीस माणसं एकदम बसली की चार हजार मागण्या. मेमरीतून ज्या भागतील त्या भागतील, बाकीच्या रांगेत. म्हणून जुने जाणकार एका मोठ्या डिस्कऐवजी तीन लहान डिस्क घ्या म्हणत: तीन डोकी, तिप्पट खेपा. एसएसडी आल्यावर हे दुखणं जवळजवळ संपलं, कारण तिच्यात फिरायला काही नाहीच. तरी कोटेशनमध्ये टीबीचा आकडा मोठा दिसावा म्हणून फिरणारी डिस्क घेणारी ऑफिसं अजून आहेत.

याच टप्प्यावर कोणीतरी रेड लावायला सुचवतं. रेड म्हणजे अनेक डिस्कवर माल असा पसरवायचा की एक डिस्क मेली तरी काही गमवायला नको. बँकेला, हॉस्पिटलला हे हवंच. स्क्विडवाले मात्र साठ्याच्या डिस्कला रेड नको म्हणून कळवळून सांगतात, त्यातही रेड-५ तर नकोच. तिथे एक लहानसं लिखाण करायला चार खेपा पडतात: जुना माल वाचा, जुनी पॅरिटी (हरवलेला माल परत काढायचा हिशेब) वाचा, नवा माल लिहा, नवी पॅरिटी लिहा. आणि हे सगळं वाचवायचं काय, तर इंटरनेटवरच्या पानांच्या प्रती. मूळ पानं आपापल्या जागी सुखरूप आहेत. डिस्क गेली तर नवी बसवायची आणि दुपारपर्यंत ती आपोआप भरू लागते. ‘पण डेटा गेला तर?’ या प्रश्नावर ‘तो आपला नाहीच’ हे उत्तर कोणत्याच साहेबांना पटलेलं नाही. रोज रात्री या साठ्याचा बॅकअप टेपवर घेणारी ऑफिसंही आहेत. इंटरनेटचा बॅकअप घेणारी माणसं जगात कमी. त्यांतली काही चौथ्या मजल्यावर बसतात आणि टेपवर तारीख घालून सही करतात.

नेटवर्क कार्डाकडे तर कोणी बघतच नाही. ते बोर्डावर असतंच, आणि दुसरं हवं असेल तर दुकानदार ‘हे घ्या माझ्याकडून’ म्हणून एक सरकवतो. एके काळी ते हमखास रियलटेक ८१३९ चिपचं असे. या चिपसाठी फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमचा ड्रायव्हर बिल पॉल यांनी लिहिला आणि ड्रायव्हरच्या सुरुवातीला, जिथे लोक परवान्याचा मजकूर टाकतात, तिथे आपलं मत मोकळेपणी नोंदवलं: स्वस्त मालाची व्याख्याच या चिपने बदलून टाकली, आणि आजवर झालेली सर्वांत वाईट पीसीआय नेटवर्क चिप बहुधा हीच. रागाला तांत्रिक कारण होतं. आलेलं प्रत्येक पॅकेट मेमरीत एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवायचं काम ही चिप प्रोसेसरच्या गळ्यात टाकायची. आय-सेव्हनचे पैसे मोजायचे आणि त्याला हमाली करायला लावायची. त्यातून दोन पैसे वाचले ते कार्डात.

आता साहेबांचा लाडका प्रोसेसर. स्क्विडचं मुख्य काम एका वेळी एकाच कोअरवर चालतं. २०१२ मध्ये आलेल्या ३.२ आवृत्तीपासून एकाहून अधिक कामगार नेमायची सोय झाली, पण कॉन्फिगरेशनमध्ये मुद्दाम सांगितलं तरच. नाही सांगितलं तर सोळा कोअरपैकी एक राबतो आणि पंधरा बघत बसतात. हे दृश्य ऑफिसात कोणाला खटकत नाही. प्रोसेसरला घाम फुटतो तो वेगळ्याच कारणाने. साहेब बंदीची यादी देतात, आयटीवाला ती शब्दांच्या साच्यांत लिहितो, आणि मग येणारा प्रत्येक पत्ता त्या यादीतल्या प्रत्येक साच्याला लावून बघावा लागतो. यादी दोन हजार ओळींची झाली की यंत्र विचार करू लागतं. एवढा विचार करून ते एसेक्स, ससेक्स आणि मिडलसेक्स या तीन काउंटी संघांचे स्कोअरकार्ड बंद करतं, कारण तिघांच्याही इंग्रजी स्पेलिंगमध्ये नको ती तीन अक्षरं ओळीने येतात. हा आजार जुना आहे. १९९६ मध्ये इंग्लंडातल्या स्कनथॉर्प गावच्या लोकांना एओएलवर खातं उघडता येईना, कारण त्यांच्या गावाच्या नावात कंपनीच्या गाळणीला शिवी सापडली होती.

यंत्र ठेवायचं कुठे, हे सगळ्यात शेवटी सुचतं. रॅकमध्ये बसणारा चपटा सर्व्हर घेतला तर त्यातले इवले पंखे असा सूर लावतात की शेजारी बसून फोनवर बोलता येत नाही. टॉवर घेतला तर तो कोणाच्या तरी टेबलाखाली जातो, आणि सफाईच्या मावशी मोबाइल चार्जिंगला लावण्यासाठी जो प्लग काढतात तो नेमका त्याचा असतो. स्वतंत्र सर्व्हर रूम असलेल्या ऑफिसात मे महिन्यात त्या खोलीला अचानक महत्त्व येतं. एसी चोवीस तास चालू, त्यामुळे पुढच्या बाजूला डबे ठेवले जातात. सर्व्हरच्या मागून सतत कोमट वारा येतो, म्हणून देवगडहून आलेली हापूसची पेटी मागे. आंबे दोन दिवस आधी पिकतात, असं त्या खोलीची चावी असलेले सांगतात. विजेचा हिशेब मात्र कोणी करत नाही: शंभर वॉट खाणारं मशीन रात्रंदिवस चाललं की वर्षाला ८७६ युनिट, रविवार आणि दिवाळी धरून.

इतकं सगळं करून, समजा, मशीन अगदी योग्य निवडलं. मेमरी भरपूर, एसएसडी, चांगलं कार्ड. तरी ते शिपायाचं पहिलं काम, खेप वाचवायचं, आता करू शकत नाही. कारण बाहेरून येणारी पाकिटं सीलबंद आहेत. फायरफॉक्सच्या नोंदींनुसार जानेवारी २०१७ मध्ये उघडल्या गेलेल्या पानांपैकी निम्म्याहून अधिक पानं एचटीटीपीएसवरून आली. जुलै २०१८ पासून क्रोमने साध्या एचटीटीपी साइटवर ‘सुरक्षित नाही’ अशी पाटीच लावली. एचटीटीपीएसच्या मागणीत प्रॉक्सीने फक्त अमुक साइटपर्यंत बोगदा खणून द्यायचा. आतून काय गेलं ते त्याला दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते साठवता येत नाही. बाजाराला याचा वास लवकर लागला होता. १९९६ मध्ये कॅशफ्लो नावाची कंपनी निघाली, पानं साठवणारी तयार यंत्रं विकायला. २००२ मध्ये तिने नाव बदलून ब्लू कोट केलं आणि साठवणं मागे टाकून पहारा आणि तपासणी विकायला घेतली. २०१६ मध्ये सिमँटेकने तिला घेतलं. आपल्याकडेही अहमदाबादच्या एलिटकोअरचं सायबरोम पहाऱ्यासाठीच कॉलेजांत आणि कचेऱ्यांत पोचलं, आणि २०१४ मध्ये सोफॉसकडे गेलं. सकाळी आल्यावर त्याच्या पानावर नाव-पासवर्ड टाकल्याशिवाय एकही साइट न उघडणारी पिढी आज मॅनेजर झाली आहे.

बोगद्यांचा खरा तमाशा ९ जुलै २०१९ च्या मंगळवारी झाला. मँचेस्टरला वर्ल्ड कपची सेमीफायनल, भारत-न्यूझीलंड, आपल्याकडे दुपारी तीनला सुरू. त्या दिवशी ४६.१ षटकांनंतर पाऊस आला आणि मॅच बुधवारवर गेली. म्हणजे कामाच्या दोन दुपारी. हॉटस्टारवर एका वेळी अडीच कोटींहून जास्त लोक होते. जुन्या हिशेबाने हा प्रॉक्सीचा सुवर्णक्षण: चाळीस माणसांना एकच चेंडू बघायचा आहे, एकदा आणा, चाळीस जणांना वाटा. पण चेंडू सीलबंद, त्यामुळे तो चाळीस वेळा आणावा लागतो. एकेकाला दीड एमबीपीएस धरला तरी साठ. लाइन पन्नासची. बुधवारी रोहित, विराट आणि राहुल प्रत्येकी एक धाव करून परतले आणि ३ बाद ५ झाले, ते ऑफिसच्या वेळेत. अशा लाइनवर सगळ्यांचं चित्र एका वेळी हलत नाही, म्हणून विकेट आधी खिडकीजवळच्या टेबलावर पडते, मग एचआरमध्ये, आणि शेवटी ज्याच्याकडे चक्र फिरत असतं त्याच्याकडे. तोवर त्याला आवाजांवरून कोण आउट झालं तेही कळलेलं असतं. मशीनमध्ये कितीही मेमरी घातली असती तरी यात फरक पडणार नव्हता.

सील फोडायचा मार्ग आहे. प्रॉक्सीने स्वतःचं प्रमाणपत्र ऑफिसच्या प्रत्येक मशीनवर बसवायचं, पाकीट मधेच उघडायचं, वाचायचं आणि पुन्हा सील करून पुढे द्यायचं. बँकांच्या साइट यातून वगळाव्या लागतात. कित्येक मोबाइल ॲप असं उघडलेलं पाकीट घेतच नाहीत. शिवाय उघडणं आणि पुन्हा बंद करणं हे गणिताचं काम, इथे प्रोसेसर खरोखर लागतो. म्हणजे साहेबांनी पहिल्या मीटिंगमध्ये विचारलेला प्रश्न अखेर बरोबर निघाला. हे त्यांना न सांगितलेलं बरं.

बहुतेक ऑफिसांत इतकं कोणी करत नाही. उरते ती वही, आणि वहीच्या अंगात मोठी ताकद आहे. स्क्विड प्रत्येक मागणीची एक ओळ लिहितो. ओळीच्या सुरुवातीला वेळ, पण घड्याळातली नाही. १ जानेवारी १९७० पासून उलटलेले सेकंद. सेमीफायनलच्या त्या मंगळवारी दुपारी तीन वाजता वहीत १५६२६६४६०० हा आकडा होता. मग मागणीला किती मिलिसेकंद लागले, कोणत्या मशीनवरून आली, काय झालं, किती बाइट गेले. साहेब ही वही मागवतात, पहिला आकडा बघतात आणि ‘हा कोणाचा मोबाइल नंबर आहे?’ असं विचारतात. मग सार्ग हा प्रोग्रॅम बसवावा लागतो. तो या ओळी गोळा करून कोणी किती ओढलं त्याचा तक्ता देतो, सर्वांत वरचा सर्वांत मोठा. पहिल्या तक्त्यात पहिलं नाव बऱ्याचदा साहेबांचंच निघतं. स्क्विड नियम वरून खाली वाचतो आणि जो पहिला लागू पडेल तोच मानतो. म्हणून पुढच्या सोमवारपासून सगळ्यात वर, बंदीच्याही वर, साहेबांच्या मशीनसाठी एक ओळ येते. तक्त्यातूनही ते मशीन वगळलं जातं. दुसऱ्या तक्त्यात पहिले येतात स्टोअर्सचे पन्नाशीतले गृहस्थ, ज्यांना ईमेलही उघडून द्यावं लागतं. चौकशी केल्यावर कळतं की त्यांच्या फोनने नातीच्या बारशाचे सगळे फोटो ऑफिसच्या वायफायवरून उतरवून घेतले होते.

याच वहीने यंत्रही मरतं, आणि हे खरेदी करताना कोणाच्या डोक्यात येत नाही. शंभर माणसं, दिवसाला प्रत्येकी पाच हजार मागण्या, दीडशे बाइटची एक ओळ: रोज ७५ एमबी, महिन्याला पावणेदोन-दोन जीबी. आयटीवाल्याने वहीसाठी वीस जीबीची जागा सोडली आणि जुनी पानं फाडायची व्यवस्था करायची राहिली, तर दहा-अकरा महिन्यांत जागा संपते. वही लिहिता येत नाही म्हटल्यावर स्क्विड काम थांबवतो. मे महिन्यात बसवलेला सर्व्हर मग मार्चअखेरीला बंद पडतो, जीएसटीची पोर्टलं उघडायची असतात त्या दिवशी, आणि अकाउंट्सच्या मॅडम वॉरंटीचा कागद घेऊन येतात. वॉरंटीत हे बसत नाही.

राहता राहिला मॉनिटर. कोटेशनमध्ये ‘संपूर्ण सेट’ असं लिहिलेलं असतं, त्यामुळे सर्व्हरबरोबर कीबोर्ड, माउस आणि चोवीस इंची मॉनिटरही येतो. प्रॉक्सीला यातलं काहीच लागत नाही. एकदा लिनक्स टाकलं की आयटीवाला आपल्या खुर्चीतून सगळं बघतो. कीबोर्ड रिसेप्शनला जातो, माउस कोणी नेला ते कळत नाही. मॉनिटरसाठी डिझाइनच्या मुलांनी रीतसर मेल टाकलेली असते, आणि अकाउंट्सच्या मॅडमचं म्हणणं असतं की बिल त्यांनी पास केलंय, शिवाय त्यांची एक्सेल शीट लांब आहे. साहेब दोघांचंही ऐकून घेतात आणि निर्णय होईपर्यंत मॉनिटर आपल्या केबिनमध्ये ठेवायला सांगतात. केबिनच्या भिंतीला खिळा होताच. लांब एचडीएमआय केबल त्यांनी स्वतःच्या पैशांनी मागवली, कारण टेस्ट गुरुवारपासून होती.